लुटूपुटूची कुस्ती

आमच्या पांढरपेशा घरात कुस्तीचा विषय मी काढला की मंडळी अजूनही किंचित हसतात. जन्मभर लेखणी चालविलेल्या आणि स्वतः कधी पाच जोरसुद्धा नीट न काढलेल्या मनुष्याने पैलवानांच्या गोष्टी सांगाव्या, हे हसण्यासारखे आहेच. त्यातून ज्या कुस्तीविषयी मी बोलणार ती तालमीतल्या लाल मातीतली नव्हे. ती दोरखंडांनी वेढलेल्या उंच चौथऱ्यावर, दिव्यांच्या झगझगाटात, तिकिटे लावून होणारी ‘फ्री स्टाइल’ कुस्ती. तिला आपण गेलो होतो असे सभ्य घरात सांगणे हे एके काळी तमाशाला जाऊन आल्याची कबुली देण्यासारखेच होते. परंतु या कुस्तीपायी लहानपणी माझ्या हातून एक अपराध घडला आणि तो नेमका कोणता होता हे समजावयास मला पुढे सतरा वर्षे लागली. त्या अपराधाची ही हकीकत आहे.

१९६० च्या आसपासची मुंबई. गिरगावातील एका चाळीत दोन खोल्या आणि पुढची गॅलरी एवढ्या जागेत आमचे बिऱ्हाड होते. आजी, आईवडील, काका-काकू, आम्ही पाच भावंडे आणि शिक्षणासाठी येऊन राहिलेला आतेभाऊ एवढी माणसे त्या जागेत कशी मावत होती, याचे आज नवल वाटते. त्या दिवसांत रस्त्यांतील भिंतींवर दोन नावे मोठ्या अक्षरांत नेहमी झळकत. एक दारासिंग आणि दुसरे किंगकाँग. दारासिंग १९२८ साली अमृतसर जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेला जाट शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणीच तो सिंगापूरला गेला, तेथील आखाडे त्याने गाजविले आणि नाव मिळवून तो स्वदेशी परतला. किंगकाँगचे खरे नाव एमिल चाया. तो १९०९ साली त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात जन्मला होता. त्याचे वजन चारशे पौंडांच्या घरात होते. त्याची दाढी, त्याची मान, किंबहुना त्याला मान नव्हतीच, हे सारे पाहून आम्हा मुलांची खात्री होती की पुराणांतील राक्षस हे असेच असले पाहिजेत. १९५६ साली रांचीला दारासिंगाने या पर्वताला उचलून दोरखंडाबाहेर फेकले, ही कथा आमच्या चाळीतल्या प्रत्येक मुलाला पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती.

आम्हाला या सामन्यांना नेत ते काका. ते एका विमा कंपनीत कारकून होते. शरीराने किडकिडीत, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका हळू की जेवताना त्यांना मीठ हवे असले तर ते त्यांना दोनदा मागावे लागे. त्यांना मूलबाळ नव्हते. कचेरीत त्यांच्या मागून आलेले दोघे-तिघे त्यांच्या डोक्यावरून वर चढले, हे आम्हाला मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून ठाऊक होते. स्वतः काकांनी त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही. महिना-दीड महिन्यातून एखाद्या दिवशी ते कचेरीतून येत, टोपी खुंटीला अडकवीत आणि आमच्याकडे न पाहताच म्हणत, “रविवारी कोणाला अभ्यास नसेल तर सांगा.” या वाक्याचा अर्थ आम्हाला ठाऊक असे.

चर्नीरोडहून लोकलने महालक्ष्मीला उतरावयाचे, रेसकोर्सच्या कडेने पायी चालत जावयाचे आणि वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये अगदी स्वस्त तिकिटाच्या जागेवर जाऊन बसावयाचे. तेथे पाऊल ठेवले की काकांच्या अंगात कोणी दुसराच पुरुष संचारे. किंगकाँग पंचाची पाठ वळताच प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत बोट घाली, त्याचा गळा दोरखंडात आवळी, आणि पंच वळून पाहतो तो दोन्ही हात वर करून साळसूदपणे उभा! तो अन्याय पाहून हजारो लोक पिसाळत. आमचे काका बाकावर उभे राहून ओरडत, “अहो पंच, चष्मा लावा, चष्मा!” दारासिंग मार खाई, गुडघ्यांवर येई, आता संपले असे वाटे. मग तो डोके हलवी आणि हळूहळू उठे. त्या उठण्याच्या क्षणी जो गजर होई तसा गजर मी पुढे आयुष्यात क्वचितच ऐकला. शेवटी तो चारशे पौंडांचा देह हवेत जाई, चौथऱ्याच्या फळ्यांवर आदळून तोफेसारखा आवाज होई आणि काका मटकन खाली बसून चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुशीत.

रात्री घरी आल्यावर गाद्या घातल्या गेल्या की खरा सामना होई. काका सदऱ्याखाली उशी बांधून किंगकाँग होत आणि आम्ही तिघे भाऊ दारासिंग. काका आमच्या डोळ्यांत बोटे घालण्याचा आव आणीत, आजीची पाठ वळली की आमच्या पोटाला गुदगुल्या करीत आणि अखेर आमच्यापैकी सर्वांत लहानाने नुसता खांद्याला हात लावला तरी असे धाडकन पाठीवर पडत की खालच्या बिऱ्हाडातून कोणीतरी वर पाहून हाक मारी. एवढ्या धुमश्चक्रीत आम्हा पोरांपैकी कोणाला साधे खरचटल्याचेही मला आठवत नाही.

काकांचे कुस्तीचे वेड काही वरळीत जन्मलेले नव्हते. त्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधविलेले तेथले खासबागेचे मैदान त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. मध्ये मातीचा हौदा आणि भोवती चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे अगदी शेवटच्या माणसालाही लढत कशी स्वच्छ दिसते, हे ते आम्हाला ताटलीत आमटीची वाटी ठेवून समजावीत. हलगीचा कडकडाट, अंगावर माती घेऊन दिलेली सलामी, आणि दोन तुल्यबळ मल्ल भिडले म्हणजे घटकाच्या घटका काही घडत नाही तरी कोणी जागचे हलत नाही, हेही ते सांगत. गामाची गोष्ट तर त्यांच्या विशेष आवडीची. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची झुंज झाली. झिबिस्को पोटावर पालथा पडून राहिला तो अडीच तासांहून अधिक वेळ उठला म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात निकालासाठी बोलाविले तर आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ साली पतियाळ्यास गामाने त्याला गाठले आणि एका मिनिटाच्या आत चीत केले. ही बातमी आली तेव्हा काका कोल्हापुरात विद्यार्थी होते. आणि १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीस बंतासिंगाला हरवून पहिली हिंदकेसरी पदवी मिळविली, त्या दिवशी काकांनी वर्तमानपत्रातील ती बातमी दोनदा वाचली, घडी घालून ठेवली आणि चाळीत पेढे वाटले. ओरडले मात्र नाहीत. वरळीला ओरडणारे काका आणि खंचनाळ्यांची बातमी गप्प बसून वाचणारे काका यांतील अंतर माझ्या लक्षात यावयास हवे होते. परंतु मी अकरा वर्षांचा होतो.

१९६२ साल. आतेभाऊ तेव्हा कॉलेजात जात असे आणि नुकत्याच फुटलेल्या मिशांप्रमाणेच नुकतेच फुटलेले ज्ञानही मिरवीत असे. एके दिवशी गॅलरीत त्याने मला सांगितले, “अरे वेड्या, ही सारी नुरा कुस्ती! कोणी जिंकायचे हे आधीच ठरलेले असते. मुंबईत भांडणारे हे दोघे उद्या कलकत्त्यातही असेच भांडतील. खरेच वैर असते तर एवढ्यात एकाची हाडे मोडली नसती काय?” मी त्याच्याशी भांडलो, रडलो, आणि मग रात्रभर विचार करता करता मला ते पटले. किंगकाँग हवेत जाताना स्वतःच उडी घेई, हे मला डोळे मिटल्यावर स्पष्ट दिसू लागले. पहाटेपर्यंत माझे दुःख ओसरले होते आणि त्याच्या जागी एक नवा, तिखट आनंद आला होता. आपण आता फसणाऱ्यांपैकी नव्हे, हा तो आनंद.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुण्याचे दोन पाहुणे जेवावयास होते. पाटावर बसल्याबसल्या कोणीतरी काकांना थट्टेने विचारले, “काय, पुढची कुस्ती केव्हा?” काका उत्तर देणार तोच मी मोठ्याने म्हणालो, “काका, ते सगळे खोटे असते. आधी ठरवून करतात. एवढे मोठे तुम्ही, एवढे शिकलेले, आणि तुम्हाला एवढेही कळले नाही?”

पंगतीत एकदम शांतता झाली. वडिलांनी “अरे!” एवढेच म्हटले, पण ते असे की माझा घास हातातच राहिला. पाहुण्यांपैकी एकजण हसला. काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “असेल बाबा,” ते म्हणाले, “आमच्या नाही ते लक्षात आले.” आणि त्यांनी ताक मागितले, नेहमीप्रमाणे दोनदा.

मी जिंकलो होतो. पुढच्या महिन्यात भिंतींवर पुन्हा चित्रे लागली. काका कचेरीतून आले, टोपी खुंटीला अडकविली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. रविवारी कोणाला अभ्यास आहे की नाही हे त्यांनी विचारले नाही. त्या दिवशीच नव्हे, पुन्हा कधीच नाही. रात्रीचे गादीवरचे सामनेही बंद पडले. आम्ही मोठे झालो म्हणून ते बंद पडले अशी मी मनाची समजूत घातली आणि ती मला पुरली. १९६३ साली दारासिंगाचा ‘फौलाद’ आला तेव्हा मी तो मित्रांबरोबर पाहिला. काकांना विचारावे असे मनात आले होते, विचारले नाही.

काका १९७९ साली गेले. तेराव्यानंतरच्या एका दुपारी काकू तांदूळ निवडीत बसल्या होत्या आणि मी जवळ बसलो होतो. मी अठ्ठावीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, लग्न झालेला. सूप हातात तसेच ठेवून काकू एकदम म्हणाल्या, “तुमचा किंगकाँग गेला रे!” आणि त्या हसल्या. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षे पोटात राहिलेले मी बोलून टाकले. म्हटले, “काकू, त्या दिवशी पंगतीत मी फार वाईट बोललो. त्यांची समजूत खोटी होती तरी चारचौघांत ती मोडायला नको होती.”

काकूंनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. “समजूत? अरे, ह्यांना काय ठाऊक नव्हते? खासबागेत वाढलेला माणूस! पहिल्या दिवशी घरी आले तेच मला सांगत, ‘तो जाडा आहे ना, तो किती सुरेख पडतो! स्वतः उडी घेतो, हात पसरून सगळा भार पाठीवर वाटून घेतो, आणि वर उचलणाऱ्याला वाटतेय असे दाखवतो. ह्याला खरी विद्या म्हणतात.’ मी म्हटले, ‘मग खोटे आहे तर ओरडता कशाला?’ तर म्हणाले, ‘आई एकच प्याल्यातल्या सिंधूसाठी रडायची, तेव्हा बालगंधर्व पुरुष आहेत हे तिला ठाऊक नव्हते का?’”

मी विचारले, “मग त्या दिवशी त्यांनी मला तसे सांगितले का नाही? एका वाक्यात माझे तोंड बंद झाले असते.”

काकूंनी एक खडा काढून बाजूला टाकला. “मीही हेच विचारले त्यांना रात्री. म्हणाले, ‘पोराला आज पहिल्यांदा शहाणे झाल्याचा आनंद झाला आहे. तो पाहुण्यांसमोर कशाला हिरावून घेऊ?’” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पुढे तुम्हाला न्यायचे मात्र सोडले. कळल्यानंतर तुम्ही माझ्याकरता म्हणून याल, ते त्यांना नको होते.”

इतकी वर्षे मला वाटत होते की मी एका भाबड्या माणसाचा भ्रम निष्ठुरपणे मोडला. आता समजले की त्या पंगतीत भाबडा एकटा मीच होतो. गादीवर जसे काका माझ्या बोटाच्या स्पर्शाने धाडकन पडत, तसेच ते त्या दिवशी पाहुण्यांच्या देखत पडले होते. आणि इतक्या सफाईने पडले की आपण त्यांना खरोखरच चीत केले असे मी सतरा वर्षे समजून होतो.

पुढे मी या खेळाविषयी जमेल तेवढे वाचले. झिबिस्कोसारखे तुल्यबळ मल्ल तासन्‌तास पालथे पडून राहू लागले तर तिकिटे कोण काढणार, या अडचणीतून पाश्चात्य देशांतील आयोजकांनी निकाल आणि वेळ आधी ठरविण्याची वाट धरली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत ती रीत पक्की झाली. या कुस्तीत निकाल ठरलेला असतो, पण पडणे खरे असते. चौथऱ्याच्या फळ्यांवर पातळ गादी आणि तिच्यावर कॅनव्हास, एवढेच अंथरूण. आपटणाऱ्याने समोरच्याची मान आणि कणा सांभाळावयाचा आणि पडणाऱ्याने आपटणाऱ्याचे बळ खरे करून दाखवावयाचे. दोघांपैकी ज्याला अधिक येते, हरण्याचे काम पुष्कळदा त्याच्याकडे जाते, कारण चांगले हरणे हे जिंकण्यापेक्षा कठीण. आम्ही ज्याला राक्षस म्हणून शिव्या देत होतो तो एमिल चाया १९६२ साली त्रेपन्न वर्षांचा होता. काकांहून एकाच वर्षाने मोठा! त्या वयात तो गावोगाव जाऊन, लोकांचे शिव्याशाप घेऊन, एका तरुण देशाला त्याचा वीर मिळावा म्हणून पाठीवर पडत होता. १९७० साली मोटारीच्या अपघातानंतर तो सिंगापुरात वारला. एकदा तरी त्याच्यासाठी टाळी वाजवावयास हवी होती असे आता वाटते. काका बहुधा मनातल्या मनात वाजवीत असावेत.

१९९० नंतर केबल टीव्हीवरून अमेरिकन कुस्ती आमच्या घरात शिरली आणि माझा मुलगा ‘अंडरटेकर’ नावाच्या काळ्या अंगरख्यातील मल्लाचा परमभक्त झाला. मल्लांची उंची, वजन आणि छाती छापलेले पत्ते घेऊन तो आणि पुतणे तासन्‌तास खेळत. तोवर त्या खेळातील गुपित मालकांनीच उघडे केले होते. १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, सरकारी नियंत्रण व कर टळावेत म्हणून, ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे असे त्यांनी सांगून टाकले होते. मी मुलाला यातले काही सांगितले नाही. तो दहा वर्षांचा असताना शाळेतून आला तो दप्तर न ठेवताच माझ्यासमोर उभा राहिला. “बाबा, ते सगळे खोटे असते असे वर्गातली मुले म्हणतात. तुम्हाला ठाऊक होते?”

मला काकांसारखे “असेल बाबा” म्हणता आले नाही. काकांना मी विचारले नव्हते, सुनावले होते. माझ्या मुलाने मला विचारले होते. खऱ्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे ही लुटूपुटूची कुस्ती नव्हे, ती फसवणूक झाली असती. मी म्हटले, “हो, ठाऊक होते. निकाल ठरलेला असतो. पण पडणे खरे असते.” आणि त्याला किंगकाँग कसा पडे ते सांगू लागलो. सांगता सांगता काकांच्या उशीची गोष्ट निघाली, पंगतीची निघाली. मुलगा सारे ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे तुम्ही त्यांना सॉरी म्हटलेच नाही?” मी म्हटले, “नाही.”

त्या रात्री गाद्या घातल्यावर मुलाने आपली उशी आणून माझ्या हातात दिली. माझे वय तेव्हा त्रेचाळीस, पाठ मुळातच दुखरी. सदऱ्याखाली उशी बांधून मी पडलो. काकांसारखे मुळीच नव्हे, ओंडक्यासारखा. कंबर धरून बसलो तेव्हा दारात काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ह्यांना जमायचे तसे नाही जमत हो तुला.” मलाही ते कळलेच होते.

१९८७ साली ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि दारासिंग हनुमंताच्या रूपाने घरोघर पोचले, तेव्हा ज्या सभ्य घरांत त्यांच्या कुस्तीला नाके मुरडली जात तेथेच त्यांच्यासमोर उदबत्त्या लागल्या. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ती बातमी मी वर्तमानपत्रात दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. काका, तुम्हाला ठाऊक होते, हे मला ठाऊक झाले आहे. एवढेच सांगावयाचे राहून गेले.